वीस-सतरा

माझं दुकान बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, जिन्याखाली आहे. दुकान म्हणायचं आपलं. रॅकेटच्या जाळीची तार ओढायचं एक गटिंगचं मशिन, एक स्टूल, भिंतीला टांगलेल्या गटच्या गुंडाळ्या आणि दोन नंबरच्या कोर्टाकडे उघडणारी एक खिडकी. त्या खिडकीतून नेटच्या अलीकडचं अर्धंच कोर्ट दिसतं. पलीकडे कोण खेळतंय ते बघायचं तर उठून बाहेर यावं लागतं, आणि माझे गुडघे असे आहेत की मी कारणाशिवाय उठत नाही.

त्या अर्ध्या कोर्टात माझी भाची आठ वर्षं खेळली. तिच्याबद्दल हॉलमध्ये वाट्टेल ते बोललं जातं. कुणी म्हणतं, पोरीने मॅच दिली. कुणी म्हणतं, विकली. मी तोंडाचा फटकळ माणूस, त्यामुळे दोघातिघांशी माझी कायमची भांडणं झालीत, आणि त्यातला एक तर माझं जुनं गिऱ्हाईक होता. म्हणून एकदा जे घडलं ते सांगून टाकतो. यात माझीही चूक आहे आणि तीही सांगणार आहे.

तिला मी भिंगरी म्हणतो. तिचे वडील ती चार वर्षांची असताना गेले. माझी ताई समोरच्या लाँड्रीत इस्त्री करते, तेव्हाही तेच करायची, त्यामुळे शाळा सुटली की पोर माझ्या दुकानात. एका जागी बसेल तर शपथ. कोर्ट मोकळं दिसलं की तुटकी रॅकेट घेऊन पळायची. दुसरा नाद नकलांचा. हॉलचा रखवालदार, लाँड्रीचा मालक, मशिनवर चिडलेला मी, सगळ्यांच्या नकला. माझी नक्कल तर इतकी हुबेहूब करायची की ताई हसून हसून भिंतीला टेकायची आणि मी रागावायचो, कारण आपण असे दिसतो हे कुणालाच आवडत नाही.

खेळ मात्र नकलेचा नव्हता. सतराव्या वर्षी ती देशातल्या मुलींत तिसरी आली. शेजारच्या कोर्टावरची मंडळी आपला गेम थांबवून तिला बघायची. मीसुद्धा मशिन बंद करून, गुडघ्यांना शिव्या घालत बाहेर येऊन उभा राहायचो.

आमच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर मोठ्या खेळाडूंचं केंद्र आहे. राहायला खोल्या, व्यायामशाळा, डॉक्टर, सगळं वरच. तिथे एक खेळाडू होती, भिंगरीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिला मी बाईसाहेब म्हणतो. तोंडावर नाही, आमच्यात. बाईसाहेबांचा स्मॅश असा की शटलची पिसं सुटायची, पण मन कच्चं. शेवटच्या दोन-चार पॉइंटांत हात आखडायचा आणि जिंकत आलेली मॅच हातची जायची. केंद्राचे सर या एका गोष्टीने वैतागले होते.

एक दिवस सर बाईसाहेबांच्या रॅकेट घेऊन दुकानात आले. भिंगरी तेव्हा एकोणीस वर्षांची. ती मला एका उंच परदेशी खेळाडूची नक्कल करून दाखवत होती: सर्व्हिस घेताना ती बाई कशी वाकते, नेटवर येताना डावा हात कसा धरते. सर दारात उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "हे कोर्टावर जमेल का तुला? शटल असताना?"

"कुणाचं?" ती म्हणाली.

"कुणाचंही. मी सांगेन तिचं."

तिने खांदे उडवले. तिला वाटलं, गंमत आहे.

सरांना हवी होती एक समोरची. केंद्रात या कामाला असंच म्हणतात. मोठी खेळाडू ज्या बाईशी पुढची मॅच खेळणार, तिच्यासारखं सरावात समोर खेळायचं. तिचे उंच टॉस, तिचे नेटजवळ टाकलेले ड्रॉप, तिच्या सवयी, सगळं. म्हणजे मॅचच्या दिवशी मोठ्या खेळाडूला वाटलं पाहिजे की हिला तर मी रोज हरवते. "सहा महिने द्या मला पोरीला," सर मला म्हणाले. "खोली, जेवण, डॉक्टर, सगळं केंद्राकडून. आणि उरलेल्या वेळात ती तिचं खेळेलच की."

ताईला ते पटलं नव्हतं. इस्त्री खाली न ठेवता म्हणाली, "दुसरीसाठी खेळायला माझी पोर कशाला?"

मी तिची समजूत घातली. तिच्यापुढे बसून तासभर बोललो. मोठ्यांच्या सोबतीने चार गोष्टी शिकेल, चांगलं खायला मिळेल, सरांची नजर राहील, असं काय काय. ताई माझं ऐकते, लहान असलो तरी. त्या दिवशी तिने ऐकायला नको होतं.

सहा महिन्यांची आठ वर्षं झाली.

तिने काम काही अर्धवट केलं नाही. सकाळी साडेपाचला उठून पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, दोरीवरच्या उड्या, मग घोट्यांना पट्ट्या बांधून कोर्ट. दुपारी बर्फाच्या पाण्यात पाय. दर सोमवारी वजन, आणि अर्धा किलो वाढलं की ताटातला भात बंद. पायांच्या नखांचा रंग तर कायमचा गेला. आत्याच्या मुलीचं लग्न चुकलं, आजीचं शेवटचं दुखणं चुकलं. बँकेत काम करणारा एक मुलगा होता. भला होता. पण भिंगरी मोकळी कधी, तर रविवारी दुपारी दोन ते पाच, आणि तेवढ्यात ती त्याच्याशेजारी बसल्या बसल्या झोपून जायची. त्याने दीड वर्ष काढलं बिचाऱ्याने.

आणि ही सगळी मेहनत एका खेळाडूची होती, पण मॅच खेळणारी दुसरीच होती. भिंगरी संध्याकाळी टीव्हीसमोर बसून बाईसाहेबांच्या पुढच्या स्पर्धेतल्या बायका पाठ करायची. एक कशी दमली की उंच टॉस मारते, दुसरी कशी घाबरली की क्रॉस खेळते. आठवड्याला नवीन बाई. मी खिडकीतून बघायचो तर माझ्या अर्ध्या कोर्टात दर आठवड्याला कुणीतरी वेगळीच खेळताना दिसायची, कपडे तेवढे भाचीचे. मला कौतुक वाटायचं. गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचो.

आता मुख्य गोष्ट. सराव संपवायची सरांची एक पद्धत होती. संध्याकाळी सहाला, सगळं झालं की, शेवटचा गेम शून्यापासून सुरू व्हायचा नाही. तो वीस-सतरापासून सुरू व्हायचा. भिंगरी वीस, बाईसाहेब सतरा. म्हणजे भिंगरीला एकच पॉइंट हवा. आणि तिथून बाईसाहेबांनी पाच पॉइंट ओळीने घेऊन जिंकायचं. रोज. भिंगरीने तो एक पॉइंट कधीही घ्यायचा नाही, पण घेते आहे असं मात्र वाटायला हवं. घाम काढायचा, पळवायचं, आणि हरायचं. सरांचं म्हणणं असं की जी बाई रोज सतरा-वीसवरून जिंकून जेवायला जाते, तिला मॅचमध्ये सतरा-वीसची भीती राहत नाही.

सरांचं म्हणणं खरं ठरलं. बाईसाहेब दोनदा परदेशात अशाच हरत आलेल्या मॅच जिंकल्या. पेपरात आलं, पोलादी मनाची खेळाडू. ते पोलाद आमच्या दोन नंबरच्या कोर्टावर कुणी ओतलं, ते कुणाला लिहावंसं वाटलं नाही.

पहिल्या वर्षी भिंगरीला ते फार लागायचं. सहा वाजून गेले की दुकानात येऊन गप्प बसायची. मी एकदा म्हणालो, "अगं, मनावर काय घेतेस? खोटं तर हरायचं आहे."

"खोटं नाही चालत, मामा," ती म्हणाली. "पहिले दोन महिने मी खोटं हरायचे. तिला ते लगेच कळायचं आणि ती चिडायची. सर म्हणाले, तिच्या अंगाला कळतं तू सोडतेस ते. मग काय उपयोग? त्यामुळे खरंच हरावं लागतं."

"खरंच कसं हरायचं ठरवून?"

"ठरवायचं नाही. वीस-सतरा झालं की मी डोकं बंद करते. हाताला सांगून ठेवलंय, तिला जिथे आवडतं तिथे दे. आता हात आपला आपण देतो."

मला ते हुशारीचं वाटलं. खोटं कशाला बोलू, मी म्हणालोसुद्धा, "वा!"

पुढे तिला लागेनासं झालं. हरल्यावर नेटवर जाऊन हात मिळवायची, शटलं गोळा करायची आणि खिदळत जेवायला जायची. स्वतःच्या स्पर्धा खेळायला वेळ असायचा तेव्हा अंग उरलेलं नसायचं. नाव क्रमवारीच्या यादीत खाली खाली जात एक दिवस यादीतूनच गेलं. ताईने विचारणं सोडलं. मी तर कधी विचारलंच नव्हतं.

मग बाईसाहेबांचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, आठ महिने खेळ बंद. समोरचीला समोर कुणी उरलं नाही. सर म्हणाले, एवढ्यात तू तुझ्या स्पर्धा खेळून घे.

पहिल्या स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत बाहेर. परत आल्यावर म्हणाली, "मामा, शटल माझ्याकडे येतं आणि मला प्रश्न पडतो, आता कुणासारखं मारू?" आम्ही दोघं हसलो. मला त्यात हसण्यासारखंच दिसलं तेव्हा. मग तिने त्यावर तोड काढली. हिच्याशी खेळताना ती उंच परदेशी बाई व्हायचं, तिच्याशी खेळताना आणखी कुणी. जिच्यासमोर जी चालेल ती. डोक्यात पन्नास जणी होत्या, अडचण काय? आणि ती जिंकायला लागली. सात महिन्यांत दोन स्पर्धा मारल्या, यादीत परत आली, वर चढत राहिली. ताई लाँड्रीत पेपर घेऊन जाऊ लागली आणि कपडे टाकायला येणाऱ्यांना दाखवू लागली. आमच्या घरात इतकी वर्षं कुणी कुणाला काही दाखवलं नव्हतं.

त्या वर्षी चार वर्षांतून एकदा येणारी मोठी स्पर्धा होती. देशाच्या संघात बायकांच्या तीन जागा. दोन ठरलेल्या. तिसऱ्या जागेसाठी यादीप्रमाणे भिंगरीचा हक्क होता, पण गुडघा बरा करून बाईसाहेब परत आल्या होत्या, आणि एवढं मोठं नाव घरी कसं बसवायचं हा निवड समितीला प्रश्न. त्यांनी तोडगा काढला: दोघींची एकच मॅच. जी जिंकेल ती जाईल. भिंगरी अठ्ठावीसची होती. चार वर्षांनी बत्तिशीत कोण विचारतंय? एवढी एकच दुपार तिच्या हातात होती, आणि हे तिला, मला, ताईला, सगळ्यांना माहीत होतं.

मॅच मधल्या कोर्टावर, दुपारी तीनला. ताईने आयुष्यात पहिल्यांदा आजारी असल्याचं खोटं सांगून रजा घेतली. मी दुकानाला कुलूप लावून तिच्याशेजारी बाकावर बसलो. सर दोघींचे, म्हणून कुणाच्याच मागे न बसता समितीच्या शेजारी बसले होते.

पहिला गेम बाईसाहेबांनी घेतला, एकवीस-अठरा. दुसरा भिंगरीने, एकवीस-पंधरा, आणि तो असा घेतला की समितीतला एक म्हातारा उभा राहिला. बाईसाहेब कशाने चिडतात, कशाने दमतात, गुडघा दुखतो तेव्हा कुठल्या बाजूला उशिरा पोचतात, हे या पोरीइतकं जगात कुणाला ठाऊक? तिसऱ्यात ती सात-चार, अकरा-आठ, सोळा-बारा अशी पुढेच होती. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की हिरवा-निळा झाला नंतर. अठरा-सोळा. एकोणीस-सतरा. मग एक लांबलचक रॅली, बाईसाहेबांचा ड्रॉप नेटला लागून त्यांच्याच बाजूला पडला, आणि पंचाने स्कोअर सांगितला.

वीस-सतरा.

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. ताई उभी राहिली. मी टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले.

मी बाईसाहेबांकडे बघितलं. इतका वेळ ओठ चावत होत्या त्या, दोनदा पंचाशी वाद घातला होता. आता त्यांनी एक मोठा श्वास सोडला, हात स्कर्टला पुसला आणि घरी आल्यासारख्या उभ्या राहिल्या. मी सरांकडे बघितलं. सरांनी हातातली वही मिटली होती. त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्या हॉलमध्ये हा आकडा कळलेले आम्ही चौघंच होतो, आणि चौघांनाही काही करता येत नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं. काय ओरडणार? डोकं बंद करू नको गं, असं?

अठरा. भिंगरीचा टॉस अर्धा हात तोकडा पडला. बाईसाहेबांना आवडतो तसा, उजव्या खांद्यावर. असा टॉस तिसऱ्या गेममध्ये तिने एकदाही दिला नव्हता.

एकोणीस. नेटवरून उचललेलं शटल पुन्हा त्याच खांद्यावर. स्मॅश झाला आणि भिंगरीने स्वतःच्या हाताकडे बघितलं.

तिला कळलं होतं. तिने शटल बदलून मागितलं, टॉवेल घेतला, पुसलेलाच घाम पुन्हा पुसला, बुटाची नाडी सोडून बांधली. वेळ काढत होती. मला तिचे ओठ दिसत होते, काहीतरी पुटपुटत होती. मग पुढच्या रॅलीत हात जे म्हणतोय त्याच्या उलट करायचं ठरवून तिने लाइनवर सरळ स्मॅश मारला. बोटभर बाहेर. वीस-वीस.

एकवीस. त्या रॅलीत तिचेच चाळीसएक फटके झाले असतील. चाळीस वेळा ती हाताशी भांडली. एकेचाळिसाव्या वेळी दमली, आणि शटल ताटात वाढल्यासारखं बाईसाहेबांच्या पुढ्यात गेलं.

शेवटचा पॉइंट मला सांगवत नाही, पण सांगतो, कारण ज्यांनी अफवा उठवल्या त्यांनी तोच धरलाय. बाईसाहेबांचा स्मॅश काही खास नव्हता. पोचली असती. पण स्मॅश निघाला आणि भिंगरीचे पाय नेटकडे चालू लागले. रॅकेट खाली. शटल जमिनीला लागायच्या आधी तिचा हात मिळवण्यासाठी पुढे झाला होता. तोंडावर, देवा, थोडंसं हसूसुद्धा होतं, रोज संध्याकाळी जेवायला जाताना असायचं तेवढं. मग शटल पडलं, हॉल ओरडला आणि ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहून गेलं. काढायचं कसं ते तिला कळेना.

लोकांना दिसलं ते एवढंच. लोकांची तरी काय चूक?

बाईसाहेब तिच्या गळ्यात पडून रडल्या. ते रडणं खरं होतं, मी लबाडी ओळखतो. "तू नसतीस तर मी नसते," त्या म्हणाल्या. आणि मग डोळे पुसत, अगदी सहज, "आता संघाचा सराव सुरू होईल. येशील ना?"

सर मला जिन्यापाशी भेटले. म्हणाले, "मी तिला हरायला नाही शिकवलं हो."

"शिकवलंत," मी म्हणालो. "रोज संध्याकाळी सहाला. मी खिडकीतून बघायचो."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं होतं, त्यांना सुनावलं की मला बरं वाटेल. वाटलं नाही. बघणारा तर मीच होतो.

घरी गेल्यावर ताईने पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "दिलीस का गं तिला?"

"नाही, आई."

"मग?"

भिंगरी पेला उचलून पाणी प्यायली. ताईने पुन्हा विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पेपर लाँड्रीत नेणं बंद केलं. तिला अजून वाटतं, पोरीने मैत्रीपायी जागा सोडली, आणि ते ती माफ करू शकत नाही. मी शंभरदा समजावलं. मागे एकदा माझं ऐकून बसली आहे, आता ऐकत नाही.

तीन आठवडे भिंगरी कोर्टावर उतरली नाही. सरांनी दोन रस्ते पुढे ठेवले होते. मोठ्या स्पर्धेसाठी पुन्हा समोरची म्हणून यायचं, पक्की नोकरी. नाहीतर केंद्र सोडून आणखी एक वर्ष स्वतःसाठी खेळून बघायचं. दुसऱ्या कुणासमोर तिचं असं कधी झालं नव्हतं. वीस-सतरावर तिने आठ महिन्यांत कितीतरी जणींना हरवलं होतं. मी म्हणत होतो, सोड केंद्र. खेळ तुझं तू. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं.

ते तीन आठवडे ती वरच्या खोलीत जुनी रेकॉर्डिंग बघत बसायची. केंद्रात सगळा सराव रेकॉर्ड होतो. मला वाटलं, कुठे चुकलं ते शोधते आहे.

शुक्रवारी दुपारी ती दुकानात आली. हॉल रिकामा होता, फरशी पुसायचं काम चालू होतं. मी कुणाच्या तरी रॅकेटचं गटिंग ओढत होतो. ती गुंडाळ्यांखाली जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी, पाय पोटाशी घेऊन.

"मामा, कॅमेरा नेहमी माझ्या मागे लावलेला असायचा," ती म्हणाली. "बाईसाहेब दिसाव्यात म्हणून. मी आठ वर्षांचं सगळं बघितलं. माझी नुसती पाठ आहे."

"बरं मग?"

"त्याच्या आधीचं तर काहीच नाही. तेव्हा आपल्याकडे कुठे होता कॅमेरा?" तिने मान वर केली. "तू बघायचास ना? सगळ्यात जास्त तूच बघितलंयस. मी कशी खेळायचे रे? सरांकडे जायच्या आधी?"

मी मशिन थांबवलं.

"आता कशाला ते?"

"स्वतःसाठी खेळ म्हणतोस ना? मग काय खेळू ते तर कळू दे. मला आठवत नाही, मामा. खरंच नाही आठवत. मी उभी राहते आणि कुणीतरी येतं. त्यातली मी कुठली?"

मला वाटलं, एवढंच ना! हे तर मी झोपेतही सांगेन. "अगं, तू ना," मी उठूनच उभा राहिलो, "नेटवर आलीस की मनगट असं सैल सोडायचीस, आणि शेवटच्या क्षणी नुसता झटका. समोरची जागेवर खिळायची."

ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "ते त्या उंच परदेशी बाईचं, मामा. मी एकोणीस वर्षांची असताना बसवलेलं."

"बरं, तो नाही. तो मागच्या कोपऱ्यातला फटका, उडी न मारता, उलट्या पावलावर जाऊन—"

"ते बाईसाहेबांचं. ते मी त्या दिवशी मॅचमध्ये तिच्याशीच खेळले."

मी आणखी एक सांगून बघितला. तोही कुणाचा तरी निघाला. तिने त्या बाईचं नाव सांगितलं, कुठल्या वर्षी, किती दिवसांत बसवला तेही. तिसऱ्यानंतर मी पुन्हा स्टुलावर बसलो. डोळे मिटले आणि जीव तोडून आठवलं. शेजारच्या कोर्टावरची मंडळी थांबायची ते आठवलं. मी दारात उभा असायचो, गुडघे दुखायचे, ते आठवलं. तिच्या दोन वेण्या आठवल्या, घामाने चिकटलेला फ्रॉक आठवला, ताई रस्त्यापलीकडून हाक मारायची ती हाक आठवली. मधे कोर्ट होतं, त्यावर ती पळत होती, रॅकेट वर जात होती, आणि रॅकेट खाली येताना तिथे दुसरीच कुणीतरी असायची.

मी डोळे उघडले. ती माझ्याकडे बघत होती. घाई नव्हती तिला, मला पाहिजे तेवढा वेळ द्यायची तयारी होती.

"छान खेळायचीस गं," मी म्हणालो.

तिने पाय सरळ केले. मग "बरं" म्हणाली, कपडे झटकत उठली, आणि सरांना हो सांगायला जिना चढून वर गेली.